फोंडा–पणजी रस्ता आणि लक्ष नसलेले गाडीवाले: दुचाकीवाल्याने नेमकं काय करायचं?

फोंडेकर_१२५

नमस्कार मंडळी. फोंडा–पणजी रोजचं येणं-जाणं आहे, १२५ सीसीची स्कूटर. फर्मागुडी, म्हार्दोळ, कुंडई, भोम, बाणस्तारी, जुने गोवे, आणि पुढे गर्दी बघून रायबंदरचा कॉजवे (पाण्यालगत बांधासारखा अरुंद रस्ता) नाहीतर कदंब पठारावरचा बगलमार्ग. खड्डे, गुरं, मध्येच थांबणाऱ्या बसेस यांचा अंदाज येतो. लक्ष नसलेल्या गाडीवाल्यांचा येत नाही. तीन प्रकार सतत दिसतात:

१. आडरस्त्यावरून आलेली गाडी थांबते, ड्रायव्हर सरळ आपल्याकडे बघतो आणि तरी गाडी पुढ्यात घालतो.
२. पुढे रेंट-अ-कार, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. फोनमधला नकाशा बघत चाललेली, आणि इंडिकेटर न देता अचानक डावीकडे वळते.
३. आपण उजवीकडे वळायला रस्त्याच्या मध्ये थांबलो की मागची गाडी वेग कमी न करता अंगावर येते.

दोन मोठे हॉर्न आणि पुढे पांढरे एलईडी बसवावे असा विचार आहे. उपयोग होईल का? "हेल्मेट घाला, सावकाश जा" हे माहीत आहे आणि करतो. त्यापुढचं सांगा.

म्हार्दोळचा_चक्रम

फोंडेकरभाऊ, तुमच्या तिन्ही प्रकारांची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे तिन्हींना एकच औषध चालणार नाही. पहिला प्रकार सगळ्यात घातक, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

हा प्रकार आपल्याकडचाच नाही. लॉस एंजेलिस भागातल्या मोटरसायकल अपघातांवर १९८१ साली हर्ट यांचा अहवाल आला. दुचाकी आणि दुसरं वाहन यांच्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरींत समोरच्या वाहनाने दुचाकीचा पुढे जाण्याचा हक्क डावलला होता, असं त्यात निघालं. "बघितलं पण दिसलंच नाही" हे ड्रायव्हरचं म्हणणं पुष्कळदा खरं असतं. मान झटकन उजवीकडून डावीकडे फिरवताना डोळे उड्या मारत जातात, आणि दोन उड्यांच्या मधलं चित्र मेंदू घेतच नाही. त्या फटीत कार मावत नाही, दुचाकी मावते. दुसरं म्हणजे समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग माणूस ती किती झपाट्याने मोठी होते त्यावरून ओळखतो. समोरून बघितलं तर स्कूटर जेमतेम पाऊण मीटर रुंद. ती बराच वेळ तेवढीच दिसते आणि शेवटच्या क्षणी एकदम मोठी होते. म्हणून दिसली तरी "अजून लांब आहे" असं वाटून गाडी बाहेर काढली जाते.

आता करायचं काय. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, त्याच्या पुढच्या चाकावर नजर ठेवायची. गाडीचं नाक हललेलं कळायच्या आधी चाकाचा वरचा भाग फिरलेला दिसतो, कारण चाकाचा वरचा काठ गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. रिमचे आरे किंवा व्हॉल्व्हची टोपी सरकली की समजा, गाडी निघाली.

आडरस्ता डावीकडे असेल तर आपण आपल्या लेनच्या उजव्या भागात असावं. एकतर त्याला आपण लवकर दिसतो, आणि तो बाहेर आलाच तर मीटरभर जागा हातात राहते. समोरून गाडी येत असेल तर फार उजवीकडे जाऊ नका, लेनच्या मधोमध या. भोममध्ये घरं आणि दुकानं रस्त्याला अगदी लागून आहेत. तिथे गाडीचं नाक रस्त्यावर आल्याशिवाय ड्रायव्हरला काही दिसतच नाही, म्हणून तो पट्टा ३० ते ३५च्या वर चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मागचा कितीही हॉर्न मारू दे.

आडरस्ता ५० मीटरवर आला की ॲक्सिलरेटर सोडा आणि दोन्ही हातांची दोन-दोन बोटं लिव्हरवर ठेवा, न दाबता. हे क्षुल्लक वाटतं, पण हिशेब बघा. बेसावध माणसाला ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद जातो, बोटं तयार असतील तर साधारण एक. ५० किमीच्या वेगाला अर्ध्या सेकंदात सुमारे ७ मीटर जातात, म्हणजे जवळपास दोन छोट्या गाड्यांची लांबी. ५० वर दीड सेकंद धरून थांबायला कोरड्या डांबरावर साधारण ३५ मीटर लागतात, ओल्यावर ४५. ६० वर तेच ४५ आणि ६०. भोमसारख्या वस्तीत ४५ मीटर मोकळा रस्ता दिसतो तरी कुठे?

आणखी एक. आडरस्त्यावरून येणारी गाडी तुमच्या नजरेत एकाच जागी राहून नुसती मोठी होत असेल तर दोघं एकाच बिंदूकडे चालला आहात. तेव्हा त्याच्यासाठी तुम्हीही पार्श्वभूमीत चिकटलेले असता. अशा वेळी लेनच्या आत थोडं उजवीकडे, मग थोडं डावीकडे सरका. आडवी हालचाल डोळा लगेच पकडतो.

रेंट-अ-कारचं लक्षण अर्धा किलोमीटर आधी कळतं. कारण नसताना वेग पन्नासचा पस्तीस होतो, ब्रेक लाइट दोन-तीनदा लुकलुकतो, गाडी लेनमध्ये डावी-उजवी झुलते, संध्याकाळी काचेत फोनचा उजेड दिसतो. मंगेशीचा फाटा, जुन्या गोव्याचं गांधी सर्कल, रायबंदरचा फेरी धक्का या ठिकाणी नकाशा उशिरा बोलतो आणि हे लोक वळतात. अशा गाडीच्या डाव्या बाजूने कधीही पुढे जायचं नाही, रस्ता कितीही मोकळा दिसो. तीन सेकंदांचं अंतर ठेवून मागे राहा. तिचा मागचा बंपर एका खांबाजवळून गेला की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा. त्याआधी तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात.

तिसऱ्या प्रकारावर मेस्तांनी लिहावं, त्यात विजेची भानगड मोठी आहे.

मेस्त_वायरिंगवाला

लिहितो. मागून धडक बसते त्यात कितीतरी दुचाक्यांचा ब्रेक लाइट लागतच नसतो, आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

रात्री स्कूटरची मागची बाजू भिंतीकडे करून उभी करा. चावी चालू, इंजिन बंद. उजवा लिव्हर अगदी हलका दाबा, भिंतीवर लाल उजेड उमटला पाहिजे. सोडा. आता डावा. दोन्ही लिव्हरचे स्विच वेगळे असतात, आणि बिघडतो तो बहुतेक एकच. दोन्ही एकदम दाबून बघितलं तर दोष झाकला जातो. उजेड ब्रेक पकडायच्या आधी यायला हवा. लिव्हर अर्धा आल्यावर लागत असेल तर मागच्याला इशारा उशिरा मिळतो.

स्विच म्हणजे लिव्हरच्या मुळाशी बसवलेली बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची डबी. आत पितळेची पट्टी आणि स्प्रिंग. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पट्टीवर हिरवट थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून लिव्हर वीस-तीस वेळा दाबला की बहुतेक वेळा सुटतो. नाही सुटला तर नवीन घाला, स्वस्त वस्तू आहे. साधा बल्ब असेल तर तो १२ व्होल्ट २१/५ वॉट, आत फिलामेंटच्या दोन तारा, एक टेल लाइटची, एक ब्रेकची. टेल लाइट लागतो म्हणजे ब्रेकची तारही शाबूत आहे असं धरू नका.

मग सवय. वेग कमी करायच्या आधी लिव्हर दोन-तीनदा नुसता टेकवा, लाइट लुकलुकेल. ॲक्सिलरेटर सोडून वेग कमी केला तर मागे काहीच दिसत नाही, हे लक्षात असू दे.

हॉर्नबद्दल. एक चांगला डिस्क हॉर्न पुरतो. दोन बसवायचे तर रिलेशिवाय (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) नको, स्विचचे पॉइंट जळतात. चार पिनांचा १२ व्होल्ट ३० अँपियरचा रिले घ्या. कंपनीच्या हॉर्नला येणाऱ्या दोन्ही तारा काढून ८५ आणि ८६ या पिनांना लावा. स्विच प्लस बाजूला असो की अर्थ बाजूला, अशी जोडणी दोन्हींत चालते. बॅटरीच्या प्लसवरून १.५ चौरस मिलिमीटरची तार फ्यूजमधून ३० नंबरला आणा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, दोन हॉर्नना १५ अँपियरचा. ८७ वरून तार हॉर्नना, हॉर्नची दुसरी बाजू बॅटरीच्या मायनसला. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळायची नाही. एका पावसाळ्यात पाणी तारेच्या आतून चढतं, तांबं काळं पडतं आणि नेमका गरजेच्या वेळी हॉर्न घोगरा होतो. क्रिम्पिंगची टर्मिनलं, वर हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी), रिलेचं तोंड खाली.

पांढरे एलईडी नका बसवू. डोळे दिपले की समोरच्याला प्रकाशाचा गोळा दिसतो, अंतर कळत नाही. तुमची अडचण अंतर न कळण्याचीच आहे, ती त्याने वाढेल. त्यापेक्षा असलेला दिवा नीट लावून घ्या: सपाट जागेत भिंतीपासून ५ मीटरवर, सीटवर बसून, लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ ते ८ सेंटीमीटर खाली यावी. बहुतेकांचा दिवा आकाशाकडे असतो.

ड्रायव्हिंग_मास्तर_म्हापसा

कारच्या बाजूने लिहितो, कारण इथे दोन्ही चालवणारे आहेत.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून पुढच्या काचेचा उजवा खांब ड्रायव्हरच्या डोळ्याला फार जवळ. त्याने नजरेचे सहा-सात अंश झाकले तरी २० मीटरवर दोन मीटरहून रुंद पट्टा गायब होतो. त्यात दुचाकी माणसासकट लपते. खांबालगतचा आरसा आणखी थोडं खातो. आडरस्त्यावरून मुख्य रस्त्याला लागताना दुचाकी येते ती उजवीकडूनच, म्हणजे नेमकी त्या खांबामागून. समोरून उजवीकडे वळणारी गाडीही तुम्हाला त्याच खांबामागे घालते. शिकाऊ लोकांना मी एकच सांगतो: मान फिरवणं पुरे नाही, छाती स्टिअरिंगकडे नेऊन पुन्हा मागे घ्या, मग निघा. आणि उजवीकडे दोनदा बघा, शेवटचं बघणं उजवीकडचं.

दुचाकीवाल्याने यातून काय घ्यायचं? ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही, हे नक्की. चेहरा दिसला तरी त्याने तुम्हाला टिपलंय असं मात्र नाही, वर चक्रम यांनी लिहिलंच आहे.

उभ्या गाडीचा दरवाजा हाही याच विषयातला. ड्रायव्हरचा दरवाजा रस्त्याच्या बाजूला उघडतो. उभ्या गाड्यांच्या रांगेपासून निदान सव्वा मीटर लांब चाला. एवढी जागा नसेल तर वेग २० वर आणा. नुकताच विझलेला ब्रेक लाइट, काचेतून दिसणारं डोकं, आत लागलेला दिवा, यातलं काहीही दिसलं तर दरवाजा उघडणारच असं धरा. कार चालवणाऱ्यांनी दरवाजा डाव्या हाताने उघडायची सवय लावावी. हात आडवा गेला की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते.

फोनबद्दल कायदाही सांगून ठेवतो. चालवताना फोन नकाशासाठी वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. हातात धरून वापरला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवणं ठरतं. पहिल्या वेळी दंड १,००० ते ५,००० रुपये, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. फोन काचेच्या मधोमध चिकटवू नका, डाव्या बाजूला पुढचा रस्ता झाकला जातो. एसीच्या जाळीच्या उंचीवर लावा.

सत्तरीची_बुलेट

चक्रमदादांचं आडवं सरकणं बरोबर आहे, पण कोरड्या रस्त्यावर. जून ते सप्टेंबर ते टाळा. कुंडईच्या उतारावर आडरस्त्यांतून ट्रकच्या चाकांना लागून लाल माती येते, पावसात तिचा लेप होतो, आणि नेमकं आडरस्त्याच्या तोंडाशीच जास्त असतो. पांढरे पट्टे आणि झेब्रा क्रॉसिंगचा रंगही ओला झाला की निसरडा. पावसात गाड्यांच्या चाकांनी स्वच्छ झालेल्या दोन पट्ट्यांपैकी उजव्या पट्ट्यातून सरळ चाला आणि वेग कमी ठेवा. मधल्या पट्ट्यात तेल ठिबकलेलं असतं.

ब्रेकचंही लिहायला हवं. ड्रम ब्रेकला पाणी लागलं की पहिला दाब वाया जातो, म्हणून पाण्यातून गेल्यावर हलका ब्रेक लावत थोडं अंतर काढा. लिव्हरची मोकळी हालचाल टोकाला १० ते २० मिलिमीटर. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढतं. अचानक ब्रेक लावताना लिव्हर एकदम आवळू नका. आधी थोडा दाब, पुढचं सस्पेन्शन बसलं की पूर्ण. एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर मात्र दाबून धरा, हाताला थरथर लागली तरी सोडू नका. एबीएस नसेल आणि पुढचं चाक घसरलं तर क्षणभर सोडून पुन्हा दाबा. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात ३० च्या वेगाने हे घोटून घ्या. वाचून हाताला येत नाही.

हेल्मेट पांढरं घ्या. न्यूझीलंडच्या ऑकलंड भागातला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. काळ्या हेल्मेटपेक्षा पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना जखमी होण्याचा धोका २४ टक्के कमी आढळला, आणि चमकणारे किंवा फ्लुरोसंट कपडे घालणाऱ्यांना ३७ टक्के कमी. रेनकोट काळा घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. भर पावसात, संध्याकाळी सहाला, काळ्या डांबरावर काळा रेनकोट. पोपटी किंवा नारिंगी त्याच किमतीत मिळतो.

फोंडेकर_१२५

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीसमोर तपासलं, उजव्या लिव्हरवर ब्रेक लाइट लागत नाही. आजच स्विच बघतो. एलईडी रद्द.

दोन शंका उरल्या. उजवीकडे वळायला थांबायचं, त्या तिसऱ्या प्रकाराचं काय? आणि रायबंदरच्या कॉजवेवर मागे गाडी चिकटली तर? तिथे बाजूला व्हायला जागाच नाही.

म्हार्दोळचा_चक्रम

उजवं वळण: ५० मीटर आधी इंडिकेटर, मग ब्रेक लाइट लुकलुकवणं, आणि सगळा वेळ अर्धी नजर आरशात. आरशात स्वतःचं कोपर अगदी कडेला दिसावं, बाकी सगळा रस्ता. नुसता खांदा दिसत असेल तर आरसा फुकट. मागची गाडी वेग कमी करताना दिसली नाही तर वळायचं रद्द करा आणि सरळ पुढे जा, किंवा रस्त्याच्या डाव्या कडेला उतरून थांबा, दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की आडवा पार करा. दोन मिनिटं जातात. मध्ये थांबलातच तर चाक सरळ ठेवा. हँडल उजवीकडे वळवून थांबलेल्याला मागून धक्का बसला तर तो समोरच्या गाडीखाली जातो. गाड्यांच्या रांगेत थांबतानाही पुढच्या गाडीच्या बरोब्बर मागे नको, तिच्या एका कडेला, पुढे निसटायला फट ठेवून.

कॉजवे: मागच्याला धडा शिकवायला ब्रेक मारायचा नाही. तुमच्या आणि पुढच्या गाडीमधलं अंतर वाढवा, चार सेकंदांपर्यंत. म्हणजे पुढचा थांबला तरी तुम्हाला हळू थांबता येईल आणि मागच्यालाही वेळ मिळेल. अंतर तुम्ही दोघांसाठी ठेवताय. लेनच्या मधोमध चाला. कडेला गेलात की तो त्याच लेनमधून घुसायला बघतो, समोरून बस आली की तुम्हाला कठड्याकडे ढकलतो. वारं नदीकडून आडवं येतं, त्यासाठीही मध्येच बरं. अगदीच डोक्यावर बसला तर कॉजवे संपून जागा मिळताच इंडिकेटर देऊन बाजूला व्हा आणि त्याला जाऊ द्या. फेरीबोट लागली की धक्क्यावरून वाहनांचा लोंढा एकदम रस्त्यावर येतो, तिथे आधीच वेग उतरवा. नोव्हेंबरअखेर जुन्या गोव्यात फेस्ताच्या नोव्हेना (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू झाल्या की ३ डिसेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळ कॉजवे सोडा आणि बगलमार्गाने जा. तिथे गाड्या वेगात असतात, पण रस्ता रुंद आहे, बाजूला व्हायला जागा मिळते.

ड्रायव्हिंग_मास्तर_म्हापसा

एवढं जोडतो. धडक झालीच तर आधी १०८, पोलिसांसाठी ११२. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, श्वास अडत असेल तरच, आणि तेही दोघांनी मिळून: एकाने मान धरायची, दुसऱ्याने काढायचं. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चं संरक्षण आहे, नाव सांगण्याची सक्ती नाही. गाड्या हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो, दोन्ही नंबर, ब्रेकच्या खुणा आणि आडरस्त्याचं तोंड एकाच चौकटीत येईल असा एक फोटो. जागेवर पैसे घेऊन मिटवू नका, आतला मार संध्याकाळी कळतो. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणून पोलिसांतली नोंद आणि इस्पितळाचे कागद पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा.